कर्कपेशींची रसद

शत्रु बलाढ्य असला आणि तट चढून जाण्याची सोय नसली, म्हणजे किल्ल्याभोंवतीं वेढा घालून त्याची रसद तोडावी, ही युद्धनीति फार पुरातन आहे. रसद तुटल्यावर मोठमोठ्या फौजांची काय अवस्था होते, हें पानिपतचा इतिहास ज्यांच्या कानांवरून गेला आहे अशा मराठी वाचकांस सांगावयास नकोच. परंतु समजा, किल्ल्यांत शत्रूच्या शिबंदीबरोबर आपलींच माणसें, आपलींच मुलेंबाळें कोंडलेलीं असलीं, आणि दोघांचेंही पोट एकाच कोठारावर चालत असलें, तर? मग सरसकट रसद तोडून भागत नाहीं. शत्रूस लागतें पण आपल्या माणसांस लागत नाहीं असें एखादें धान्य आहे काय, एवढेंच शोधावें लागतें; आणि तें सांपडलें तर तेवढेंच बंद करावें लागतें. कर्करोगावर उपाय शोधण्याच्या ज्या अनेक वाटा गेल्या शंभर वर्षांत चोखाळल्या गेल्या, त्यांपैकीं एक वाट नेमकी ही होती. तिचा इतिहास आम्हांस मोठा मौजेचा वाटतो. कारण ज्यांनीं पद्धतशीर शोध केला त्यांस तें धान्य सांपडलें नाहीं, आणि सांपडलें तें भलतेंच कांहीं शोधीत असलेल्या एका मनुष्यास.

प्रथम धान्याची ओळख करून दिली पाहिजे. शरीरांतील स्नायु, कातडी, केंस, पचनाचे रस, हें सर्व मुख्यतः प्रथिनांचें काम आहे. आणि प्रथिनें म्हणजे सुमारें वीस प्रकारच्या ॲमिनो आम्लांच्या लांबलचक माळा होत. डाळ खा, दूध प्या किंवा मासळी खा. पोटांत गेल्यावर या माळा तुटतात, मणी सुटे होतात, आणि शरीर त्यांच्या नव्या माळा ओंवतें. या मण्यांपैकीं कांहीं शरीर स्वतः घडवूं शकतें, कांहीं मात्र त्यास बाहेरूनच मिळावे लागतात. ते कोणते, याचा छडा अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठाचे विल्यम रोझ यांनीं लावला. १९३५ सालीं त्यांनीं थ्रिओनीन नांवाचें आम्ल हुडकून काढलें, आणि १९४२ पासून पुढें कित्येक वर्षें तरुण विद्यार्थ्यांस नेहमींच्या अन्नाऐवजीं शुद्ध ॲमिनो आम्लें, स्टार्च, साखर आणि स्निग्ध पदार्थ यांवर ठेवून, एकेक आम्ल वगळून पाहिलें. शरीरांत किती नायट्रोजन गेला व किती बाहेर पडला याचा रोजचा हिशेब ठेवावयाचा. एखादें आम्ल वगळतांच हिशेबांत तूट आली कीं तें अत्यावश्यक समजावयाचें. या रीतीनें प्रौढ मनुष्यास आठ आम्लें अत्यावश्यक ठरलीं. नववें हिस्टिडीन त्यांत पुढें जोडलें गेलें. आमच्या महाविद्यालयाच्या वसतिगृहांत असलें जेवण आठ दिवस वाढलें असतें, तर खानावळवाल्याची धडगत नव्हती; इलिनॉयच्या त्या सोशिक तरुणांविषयीं आम्हांस नेहमींच आदर वाटत आला आहे.

तथापि हा हिशेब सबंध मनुष्याचा झाला. एकत्र कुटुंबांत महिन्यास किती धान्य आलें हें समजलें, म्हणून घरांतील कोणत्या माणसाच्या पानांत काय पडतें हें समजत नाहीं. यकृत एखादें आम्ल बनवून रक्तांत सोडीत असेल आणि इतर पेशी आयत्या पिठावर रेघोट्या ओढीत असतील, असेंही होऊं शकतें. एकट्या पेशीस काय लागतें हें पाहावयाचें तर तिला शरीराबाहेर काढून वेगळी चूल मांडून द्यावयास हवी. कांचेच्या भांड्यांत पेशी जगविण्याच्या या कलेस आपण पेशीसंवर्धन म्हणतों. इंग्रजींत तिला जो शब्द आहे तोच त्या भाषेंत संस्कृतीलाही लावतात, आणि दोन्ही अर्थांचें मूळ शेताच्या मशागतींत आहे.

या कलेचा आरंभ १९०७ सालीं रॉस हॅरिसन यांनीं केला. बेडकाच्या भ्रूणांतील मज्जातंतूचा तुकडा लसिकेच्या थेंबांत ठेवून, त्यांतून तंतु वाढत जातांना त्यांनीं डोळ्यांनीं पाहिला. पुढें न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेंत ॲलेक्सिस कॅरेल यांनीं १९१२ मध्यें कोंबडीच्या गर्भाच्या हृदयाचा तुकडा वाढविण्यास घेतला, आणि त्यांतील पेशी १९४६ पर्यंत, म्हणजे स्वतः कॅरेल वारल्यानंतरही दोन वर्षें, जिवंत असल्याचें सांगण्यांत येत होतें. पेशी अमर आहेत असा डंका त्यावरून जगभर वाजला. परंतु १९६१ सालीं लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनीं दाखविलें कीं, मनुष्याच्या सामान्य पेशी सुमारें पन्नास वेळां दुप्पट होतात व मग थांबतात. कॅरेलच्या अमर हृदयास प्रत्येक वेळीं गर्भाचा जो रस खावयास घालीत, त्यांतूनच ताज्या पेशी आंत जात असाव्या असें आतां पुष्कळांचें मत आहे. आमच्या विषयाला महत्त्वाचा आहे तो हा रसच. रक्तद्रव, गर्भरस, रक्तरस अशा गोष्टींचें मिश्रण म्हणजे एक आमटी. पेशी तींत वाढतात खऱ्या, पण त्या आमटींतील कोणत्या जिन्नसामुळें वाढतात हें सांगणें कोणास शक्य नव्हतें. शिवाय ज्यांवर प्रयोग करावयाचा त्या पेशीही वर्षानुवर्षें सारख्याच राहणाऱ्या हव्या होत्या.

अशा पेशी दोन ठिकाणांहून आल्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेंत विल्टन अर्ल यांनीं उंदराच्या कातडीखालील पेशींचा एक वंश वाढविला होता. त्यास एल् असें एकाक्षरी नांव आहे, आणि १९४८ मध्यें त्याच संस्थेंत त्यांतील एकाच पेशीपासून सबंध संतति निर्माण करण्यांत आली. दुसऱ्या पेशी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांतून आल्या, आणि त्यांची कथा थोडी सविस्तर सांगितली पाहिजे. १९५१ च्या आरंभीं हेन्रिएटा लॅक्स नांवाची एक कृष्णवर्णीय स्त्री, पांच मुलांची आई, गर्भाशयमुखाच्या कर्करोगानें पीडित होऊन तेथें आली. तपासणीच्या वेळीं तिच्या गांठीचा एक लहान तुकडा जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेकडे गेला. तिला कोणीं विचारलें नाहीं. त्या काळीं विचारण्याची रीत नव्हती असें सांगतात, आणि तें खरेंही आहे, परंतु ज्यांस विचारलें जात नसे त्यांत गरीब आणि काळे लोकच अधिक असत हेंही तितकेंच खरें आहे. इतर रोग्यांच्या पेशी थोडे दिवस तग धरून मरत; या बाईच्या पेशी मात्र रोजच्या रोज दुप्पट होत चालल्या. १९५१ च्या ऑक्टोबरच्या ४ तारखेस, वयाच्या एकतिसाव्या वर्षीं, ती मृत्यु पावली. तिच्या नांवाच्या आद्याक्षरांवरून हेला हें नांव पडलेल्या पेशी तोंवर गाय यांनीं दूरदूरच्या प्रयोगशाळांस मोफत वाटण्यास आरंभ केला होता. तिच्या मुलांस याची वार्ता सुमारें वीस वर्षें नव्हती.

याच जॉर्ज गाय यांच्याकडे आमच्याकडील एक विदुषी पेशीसंवर्धन शिकण्यास गेली होती, हें पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. पुण्यास जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनीं मुंबईस डॉ. खानोलकर यांच्या हाताखालीं संशोधन केलें, १९४९ सालीं डॉक्टरेट मिळविली, आणि बाल्टिमोरला गाय यांच्या प्रयोगशाळेंत काम करून परत आल्यावर मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रांत पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. ती या देशांतील पहिली होय. परदेशांतून पदवी आणणारे पुष्कळ. अशी विद्या आणून तिची येथें चूल पेटविणारे थोडे.

आतां हॅरी ईगल यांच्याकडे वळूं. हे मूळचे डॉक्टर व जंतुशास्त्रज्ञ. पेनिसिलिनवरील कामानें त्यांचें नांव झालें होतें. वॉशिंग्टनजवळ बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थांत त्यांनीं एल् आणि हेला या दोन्ही पेशी घेतल्या आणि आमटीचा नाद सोडून दिला. प्रत्येक जिन्नस मोजून घातलेला असा पोषकद्रव त्यांनीं तयार केला: साखर, क्षार, जीवनसत्त्वें, ॲमिनो आम्लें. रक्तरस अजीबात टाळतां आला नाहीं. पण तो चाळणीसारख्या पडद्यांतून असा गाळून घेतला कीं त्यांतील सर्व लहान रेणु निघून जावे आणि मोठीं प्रथिनें तेवढीं राहावीं. मग रोझ यांच्या विद्यार्थ्यांवर झालेला प्रयोग पेशींवर झाला. एकेक आम्ल वगळावयाचें आणि वाट पाहावयाची. आवश्यक आम्ल वगळलें कीं वाढ थांबे, पेशींच्या अंगांत कण दिसूं लागत, त्या आकसत आणि कांहीं दिवसांत मरत. वेळेवर तें आम्ल परत घातलें तर पुष्कळशा पुन्हां सावरत.

१९५५ सालीं त्यांनीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पेशींस तेरा ॲमिनो आम्लें लागतात असें ठरलें. रोझ यांचीं आठ तर त्यांत होतींच. शिवाय आर्जिनीन, हिस्टिडीन, सिस्टीन, टायरोसीन आणि ग्लुटामीन हीं पांच. एकत्र कुटुंबाचा आमचा दाखला येथें तंतोतंत लागू पडतो: सबंध मनुष्य टायरोसीन बनवितो, कारण त्याचें यकृत तें बनवितें, परंतु वेगळी निघालेली पेशी तें करूं शकत नाहीं. ग्लुटामीनचा प्रकार तर विलक्षणच होता. मनुष्यास तें जेवणांत मिळालेंच पाहिजे असें नाहीं, पण भांड्यांतील पेशींस तें इतर आम्लांच्या मानानें कितीतरी अधिक लागे.

आणि शत्रूचें खास धान्य? तें कोठेंच नव्हतें. उंदराची पेशी आणि मनुष्याच्या कर्करोगाची पेशी, दोघींची यादी एकच निघाली. फरक पडला तो थोड्याफार प्रमाणाचा. पुढील चार वर्षांत ईगल यांनीं मनुष्याच्या व प्राण्यांच्या, सामान्य व कर्करोगी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुष्कळ वंशांवर हीच परीक्षा केली, आणि १९५९ सालीं त्यांनीं सुधारलेला पोषकद्रव जाहीर केला तेव्हां तीं तेरा आम्लें सर्वांसच लागतात असें त्यांचें म्हणणें होतें. ज्यांनीं कर्करोगावर औषध निघेल या आशेनें हीं टिपणें वाचलीं असतील, त्यांची काय निराशा झाली असेल! पण आमच्या मतें ही निराशा फार मोलाची होती. आपल्या सिद्धांतास सोईचा असा एखादा फरक हुडकून त्याचा डांगोरा पिटणें ईगल यांस अवघड नव्हतें. त्यांनीं तें केलें नाहीं.

मात्र या तुलनेंत एक खोट होती, आणि ती उघडकीस यावयास अकरा वर्षें लागलीं. एल् वंश हा निरोगी उंदराच्या कातडीखालून निघाला खरा, परंतु अर्ल यांनीं त्यावर कर्करोगजनक द्रव्याचा प्रयोग केलेला होता, आणि पुढें त्या पेशी उंदरांत टोंचल्यावर गांठी उत्पन्न झाल्या. म्हणजे भांड्यांतला साधु केव्हांच वाटमाऱ्या होऊन बसला होता. मनुष्याच्या पेशींचा प्रकार याहून नामी. १९६६ सालीं स्टॅन्ली गार्टलर यांनीं एका परिषदेंत सांगितलें कीं, निरनिराळ्या माणसांपासून व निरनिराळ्या इंद्रियांपासून काढल्या म्हणून समजल्या जाणाऱ्या अठरा वंशांत एकाच एन्झाइमचा असा एक प्रकार आढळतो, जो आफ्रिकन वंशाच्या लोकांतच प्रायः असतो. आणि याचा अर्थ त्या सर्व पेशी हेला आहेत. यकृताच्या म्हणून, आंतड्याच्या म्हणून, सामान्य म्हणून ज्या पेशी प्रयोगशाळेप्रयोगशाळेंतून वाढविल्या जात, त्यांत कोठेंतरी हेलाचा एखादा थेंब उडाला होता आणि तिनें मूळच्या पेशींस हुसकावून लावलें होतें. खुद्द ईगल यांनीं तोंडाच्या कर्करोगापासून काढलेला के. बी. नांवाचा वंशही हेलाच निघाला! तेव्हां सामान्य आणि कर्करोगी यांची तुलना म्हणून जें चाललें होतें, त्याचा कांहीं भाग हेलाची हेलाशींच तुलना होती. ईगल यांच्या यादीस यामुळें बाध येत नाहीं. हेफ्लिक यांच्या खऱ्याखुऱ्या सामान्य पेशीही ईगल यांच्याच पोषकद्रवांत, नेहमींचा रक्तरस घालून, वाढविलेल्या होत्या. परंतु सर्वत्र फरक शून्य हें म्हणणें जितकें भक्कम वाटत होतें तितकें तें नव्हतें, एवढें कबूल केलें पाहिजे.

ईगल यांचें आणखी एक निरीक्षण आम्हांस यादीइतकेंच महत्त्वाचें वाटतें. १९६२ सालीं त्यांनीं कार्ल पीझ यांच्याबरोबर दाखविलें कीं, पेशी दाटीनें असल्या म्हणजे सीरीनसारखीं जीं आम्लें त्यांस बाहेरून लागत नाहींत, तींच त्या विरळ झाल्या म्हणजे लागूं लागतात. कारण साधें आहे. पेशी तें आम्ल बनविते, पण तें तिच्यांतून पाझरून बाहेर जातें. शेजार दाट असला तर सर्वांचें पाझरलेलें मिळून भोंवतालच्या द्रवांत पुरेसा सांठा होतो, एकटी असली तर तिची सर्व कमाई वाहून जाते. गरज ही पेशीच्या अंगचीच नव्हे, तिच्या शेजारावरही अवलंबून आहे. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिचें काम शेवटीं पडणार आहे.

आतां आम्ही वाचकांस बेथेस्डाहून न्यूयॉर्कला, आणि ईगल यांच्या यादीच्या दोन वर्षें मागें नेतों. कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयांत जॉन किड हे रोगशास्त्रज्ञ उंदरांतील लसिकापेशींच्या कर्करोगावर प्रयोग करीत होते. आहाराचा प्रश्न त्यांच्या मनांतही नव्हता. सशाच्या रक्तांत तयार झालेले प्रतिपिंड त्या गांठीस मारतात काय, हें त्यांस पाहावयाचें होतें. प्रतिपिंडांस आपलें काम करण्यास रक्तांतील एका पूरक द्रव्याचें साहाय्य लागतें, आणि तें गिनीपिगच्या रक्तरसांत विपुल असल्यामुळें तो रक्तरस अशा प्रयोगांत नेहमींच वापरतात. तुलनेसाठीं कांहीं उंदरांस नुसता गिनीपिगचा रक्तरस टोंचला; आणि नुसत्या रक्तरसानेंच गांठी विरघळून गेल्या. घोड्याच्या रक्तरसानें तसें होईना, सशाच्याही होईना. पूरक द्रव्य नष्ट होईल इतपत तो तापविला तरी गुण कायम राही, अर्थात् तो गुण पूरक द्रव्याचा नव्हता. किड यांनीं १९५३ सालीं हें सर्व प्रामाणिकपणें छापलें आणि कारण सांगतां येत नाहीं असेंही छापलें. गिनीपिगच्याच रक्तांत असें काय आहे, हें कोडें त्यानंतर आठ वर्षें तसेंच पडून राहिलें.

त्याचें उत्तर ग्रंथालयांत धूळ खात होतें. इटालियन शास्त्रज्ञ क्लेमेंती यांनीं १९२२ सालींच नमूद करून ठेविलें होतें कीं, गिनीपिगच्या रक्तांत ॲस्परॅजीन या आम्लाचे तुकडे करणारा एन्झाइम आहे. ॲस्परॅजीन हें सर्व ॲमिनो आम्लांत प्रथम हातीं आलेलें; १८०६ मध्यें पॅरिसला वोक्लँ आणि रोबिके यांनीं तें ॲस्परॅगस नांवाच्या भाजीच्या रसांतून काढलें, आणि आमच्या वैद्यांची शतावरी ही त्या भाजीच्याच कुळांतली. २०१८ सालीं उंदरांवरील एका प्रयोगावरून ही भाजी खाऊं नये असा बोभाटा इंग्रजी वृत्तपत्रांनीं केला होता. तो व्यर्थ होता, कारण हें आम्ल बटाट्यांत, डाळींत, दुधांत, अंड्यांत, जेथें तेथें आहे, आणि शरीर स्वतःही तें बनवितें. म्हणूनच तें रोझ यांच्या आठांत नाहीं आणि ईगल यांच्या तेरांतही नाहीं.

पण १९५६ मध्यें न्यूमन आणि मॅकॉय यांस असें आढळलें कीं, प्रयोगशाळांतून प्रसिद्ध असलेल्या उंदरांच्या एका गांठीच्या पेशी भांड्यांत ॲस्परॅजीनवांचून वाढत नाहींत. जॉन ब्रूम या तरुण संशोधकानें हे तीन सुटे धागे, म्हणजे किड यांचे उंदीर, क्लेमेंतींचा एन्झाइम आणि न्यूमन-मॅकॉय यांची भांडीं, एकत्र गुंफले. १९६१ सालीं त्यानें दाखविलें कीं, गिनीपिगच्या रक्तरसाचे भाग पाडले असतां गांठ विरघळविण्याचा गुण ज्या भागांत जातो, त्याच भागांत ॲस्परॅजिनेज, म्हणजे ॲस्परॅजीन तोडणारा एन्झाइम, जातो. त्याचा दुसरा पुरावा तर आम्हांस अधिकच सुंदर वाटतो. त्या गांठीच्या पेशी त्यानें भांड्यांत वाढविल्या. ॲस्परॅजीन नसलें तर बहुतेक मरत, पण कांहीं थोड्या त्यावांचून जगण्यास शिकत. अशा शिकलेल्या पेशी उंदरांत परत टोंचल्या, तेव्हां गिनीपिगच्या रक्तरसाचा त्यांवर कांहीं परिणाम होईना. ज्यांस तें धान्य लागत होतें त्याच मरत होत्या! प्रत्येक जिन्नस मोजून घातलेल्या पोषकद्रवाची रीत नसती तर हा प्रश्न कोणास धड विचारतांही आला नसता. तेव्हां ईगल यांच्या निराशाजनक यादीचें ऋण येथें मान्य केलें पाहिजे.

रोग्यास देण्यापुरता एन्झाइम गिनीपिगच्या रक्तांतून काढावयाचा तर किती गिनीपिग लागतील, याची कल्पनाच करावी. ती अडचण १९६४ मध्यें दूर झाली. मॅशबर्न आणि रिस्टन यांनीं दाखविलें कीं, मनुष्याच्या आंतड्यांत राहणारा कोलाय हा जंतु असाच एन्झाइम बनवितो आणि त्यानेंही उंदरांच्या गांठी हटतात. जंतु हंड्याच्या हंडे वाढवितां येतात. १९६६ मध्यें ल्यूकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, झालेल्या एका मुलास गिनीपिगपासून काढलेला एन्झाइम दिल्याची हकीकत प्रसिद्ध झाली. १९६७ सालीं डॅलसच्या डॉक्टरांनीं कोलायच्या एन्झाइमनें ल्यूकेमिया माघारल्याचें जाहीर केलें. आणि १९७८ मध्यें अमेरिकन सरकारनें तो औषध म्हणून मान्य केला. एकट्यानें दिला असतां रोग थोड्याच दिवसांत उलटे. इतर औषधांच्या जोडीनें दिला असतां मात्र मुलांच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्यूकेमियाच्या उपचारांत त्यास कायमचें स्थान मिळालें. १९५० पूर्वीं ज्या आजाराचें निदान म्हणजे कांहीं महिन्यांची मुदत होती, त्यांतून आज संपन्न देशांत दहांपैकीं सुमारें नऊ मुलें बरीं होतात. आपल्याकडेही १९८४ च्या सुमारास मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालय, मद्रासची कर्करोग संस्था आणि दिल्लीची अखिल भारतीय वैद्यकीय संस्था यांसाठीं जी एक समाईक उपचारपद्धति आंखण्यांत आली, तींत हा एन्झाइम होताच.

आपल्या माणसांस या वेढ्याची झळ मुळींच लागत नाहीं असें मात्र नव्हे. यकृताचें प्रथिनें बनविण्याचें काम मंदावतें, रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, कधीं स्वादुपिंडास सूज येते. आणि परक्या जंतूचें प्रथिन टोंचल्यामुळें कित्येकांस त्याची वावडी उत्पन्न होते. तरीही बहुतेक पेशी तग धरतात, कारण ॲस्परॅजीन घडविणारा दुसरा एन्झाइम त्यांच्यापाशीं असतो. या ल्यूकेमियाच्या पेशींत तो अत्यल्प असतो. बहुतेक इतर कर्करोगांच्या पेशींस मात्र ॲस्परॅजीन घडवितां येतें, आणि त्यांवर हा उपाय चालत नाहीं. म्हणजे शत्रूचें खास धान्य होतें. पण तें सर्व शत्रूंचें नव्हतें, एका टोळीचें होतें. कर्करोग हा एकच एक रोग समजून त्याची एकच एक भूक शोधीत बसल्यामुळें पूर्वीच्यांस तें दिसलें नाहीं, असें आमचें मत आहे.

मेथिओनीन या आम्लाची कथा याहून गुंतागुंतीची आहे. तें रोझ यांच्या आठांपैकींच एक. १९७४ सालीं हॅल्पर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पोषकद्रवांतून तें काढून त्याच्या जागीं ज्यापासून तें घडवितां येतें असें होमोसिस्टीन घातलें. सामान्य प्रौढ पेशी वाढल्या, कर्करोगी पेशी मेल्या. तेव्हां वाटलें कीं, ॲस्परॅजीनप्रमाणेंच येथेंही त्या पेशींस आम्ल घडवितां येत नसावें. परंतु दोनच वर्षांनीं हॉफमन आणि अर्बे यांस आढळलें कीं, अशा पेशी मेथिओनीन भरपूर घडवितात, आणि तरीही आयतें मिळाल्यावांचून वाढत नाहींत! घरांत पीठ दळलें जात असून माणूस उपाशी कां, याचा उलगडा करणारे तर्क पुष्कळ निघाले आहेत. या शोधांतून ॲस्परॅजिनेजच्या तोलाचें औषध मात्र निघालेलें नाहीं.

ॲस्परॅजिनेजचा वेढा ज्या मुलांत फसतो त्यांत तो कां फसतो, याचें एक कारण मेंफिस येथील सेंट ज्यूड या मुलांच्या रुग्णालयांतील संशोधकांनीं २००७ सालीं पुढें मांडलें. ल्यूकेमियाच्या पेशी हाडांच्या आंतल्या मगजांत राहतात, आणि तेथें त्यांच्या शेजारास सामान्य आधारपेशी असतात. या आधारपेशी स्वतः पुष्कळ ॲस्परॅजीन घडवितात. भांड्यांत दोघींस एकत्र ठेवून पाहिलें, तेव्हां शेजारणीच्या सोबतीनें ल्यूकेमियाच्या पेशी ॲस्परॅजिनेजच्या माऱ्यांतूनही वांचल्या. आधारपेशींतील घडविणारा एन्झाइम कमी केला तेव्हां हें संरक्षण घटलें, वाढविला तेव्हां वाढलें. ईगल आणि पीझ यांच्या भांड्यांत दाटीनें राहणाऱ्या पेशी एकमेकींच्या पाझरलेल्या कमाईवर जगत होत्या, त्यांतलाच हा प्रकार. फक्त येथें शिधा पोंचविणारीं माणसें किल्ल्यांतलीं, आपल्याच बाजूचीं आहेत.